कार्ड उडालं, असं म्हणण्याआधी : हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी,
हिंगोली जिल्हा, हिंगोली.

महोदय,



बंद पडलेला संगणक उघडून, तपासून, पुन्हा चालू करायला शिकण्यासाठी जिल्ह्यात एक सार्वजनिक जागा हवी, या एका मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे. पीक विमा, पाणीटंचाई आणि रस्त्यांच्या निवेदनांच्या ढिगात ही मागणी लहान दिसेल. पण या प्रश्नात आपल्या जिल्ह्यातल्या पोरांचे हजारो रुपये विनाकारण जातात, आणि यंत्राला पुन्हा हात लावायची त्यांची हिंमतही जाते. म्हणून ही मागणी आपल्यापर्यंत पोचवणं मला गरजेचं वाटतं.

मी हिंगोलीत संगणक दुरुस्तीचं काम करतो. गेल्या काही वर्षांत तक्रारींमध्ये एक नवी भर पडली आहे. “काका, ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलं आणि तेव्हापासून डिस्प्लेच येत नाही.” सांगणारा मुलगा कधी कळमनुरीचा असतो, कधी वसमतचा, कधी सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून एसटीत संगणकाचा डबा मांडीवर घेऊन आलेला. घरी हळदीची पट्टी झाली, त्या पैशातून त्याला संगणक घेऊन दिलेला असतो. यातले बरेच जण गेम खेळतात, त्यात वावगं काही नाही. पण लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारे, ब्लेंडर हा थ्रीडी प्रोग्राम शिकणारे, फ्लेक्सची डिझाइनं करणारेही येतात. चार तासांचा लग्नसोहळा रेंडर व्हायला अख्खी रात्र जाते आणि सकाळी पार्टीला पेनड्राइव्ह द्यायचा असतो. कार्ड थोडं जोरात पळालं तर बरं, हा विचार त्या गरजेतून येतो.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा चिप जास्त वेगाने चालवणं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3060 या कार्डाचा ठरवून दिलेला बूस्ट वेग 1777 मेगाहर्ट्झ आहे आणि त्याची विजेची गरज 170 वॉट. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये पट्टी उजवीकडे सरकवली की हा वेग वाढतो. नुसता वेग वाढवला तर विजेचा खप साधारण त्याच प्रमाणात वाढतो. व्होल्टेज वाढवलं तर मात्र तो वर्गाच्या प्रमाणात चढतो. व्होल्टेज दहा टक्के जास्त दिलं की खप एकवीस टक्क्यांच्या आसपास वर जातो, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना पत्र्याच्या खोलीत किती असतं हे आपण दौऱ्यावर अनुभवलं असेल. कार्डावरचा पंखा कितीही फिरला तरी खोलीतल्या हवेपेक्षा कार्ड थंड करू शकत नाही. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन कार्डंसुद्धा सारखा ताण सोसत नाहीत. यूट्यूबवर थंड हवेच्या खोलीत बसून कुणी दाखवलेले आकडे आपल्या पोरांनी जसेच्या तसे टाकले की पडद्यावर रंगीत ठिपके येतात, चित्र फाटतं, संगणक गोठतो, आणि बटण दाबून बंद केल्यावर पुन्हा उठत नाही.

इथून पुढे जे घडतं त्याबद्दल मला बोलायचं आहे. मुलगा घाबरतो. घरी सांगत नाही. मित्राच्या ओळखीने जवळच्या मोठ्या शहरात डबा नेतो. तिथे कुणीतरी झाकणही न उघडता सांगतं, “कार्ड उडालं, बोर्डही गेला असेल.” वीस-पंचवीस हजारांचं कार्ड भंगाराच्या भावात ठेवून घेतलं जातं आणि नवीन गळ्यात मारलं जातं. नाहीतर डिस्क फॉरमॅट करून विंडोज मारून दिली जाते. त्या फॉरमॅटमध्ये घरातले फोटो, वडिलांच्या कागदपत्रांच्या स्कॅन प्रती, एखाद्या कुटुंबाच्या लग्नाचं न दिलेलं चित्रीकरण पुसलं जातं. ज्या बिघाडाचा हार्डडिस्कशी काडीचाही संबंध नाही, त्याच्यासाठी ती पुसण्याचा हा प्रकार मला अक्षम्य वाटतो.

खरं काय असतं ते सांगतो. हे पत्र वर्तमानपत्रातून ज्या मुलांपर्यंत पोचेल त्यांनीही वाचावं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आफ्टरबर्नरने वाढवलेला वेग कार्डात कायमचा लिहिला जात नाही. तो प्रोग्राम विंडोज सुरू झाल्यावर कार्डाला सूचना देतो. वीज बंद झाली की सूचना विसरली जाते आणि पुढच्या वेळी कार्ड आपल्या मूळ वेगाने उठतं. आजच्या कार्डांत कंपनी व्होल्टेजची कमाल मर्यादा बांधून देते आणि तापमान हाताबाहेर जाऊ लागलं की वेग आपोआप खाली येतो. म्हणून नुसती पट्टी सरकवल्याने कार्ड जळण्याचे प्रसंग कमी. त्यामुळे पहिला प्रश्न एकच विचारायचा: संगणक नेमका कुठपर्यंत येऊन थांबतो?

कंपनीचा लोगो दिसतो, विंडोजचं गोल फिरतं, आणि मग पडदा काळा होतो, असं असेल तर जीव भांड्यात पडायला हरकत नाही. कार्ड जिवंत आहे. त्याशिवाय लोगो दिसला नसता. आफ्टरबर्नरमध्ये ‘विंडोजबरोबर सेटिंग लागू करा’ हा पर्याय चालू राहिलेला असतो. प्रत्येक वेळी विंडोज उठते, तो न झेपणारा वेग कार्डावर लादला जातो, आणि सगळं कोसळतं. यावर उपाय सेफ मोड. विंडोज 10 किंवा 11 सुरू होताना बटण दाबून धरून मध्येच बंद करायची. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग 4 हा आकडा. सेफ मोडमध्ये ग्राफिक्स कार्डाचा पूर्ण ड्रायव्हर चढतच नाही, विंडोज आपल्या साध्या ड्रायव्हरवर चालते. मग आफ्टरबर्नर काढून टाकायचा, त्याच्या जतन केलेल्या प्रोफाइल पुसायच्या, आणि तरीही अडलं तर ड्रायव्हर साफ काढून नव्याने टाकायचा. एक सावधगिरी हवी. काही संगणकांत, विशेषतः विंडोज 11 मध्ये, डिस्कला कुलूप लावलेलं असतं आणि या वाटेवर बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. ती आधी शोधून कागदावर लिहून ठेवावी.

लोगोच दिसत नाही, पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा मात्र ‘नो सिग्नल’ म्हणत राहतो, तेव्हा गोष्ट वेगळी. विंडोज अजून आलेलीच नाही, म्हणजे आफ्टरबर्नरचा या घडीला काही हात नाही. तरीही पोरं आणि दुकानदार दोघंही वेगाच्या आकड्यांवरच अडून बसतात. इथे प्लग काढायचा, बटण थोडा वेळ दाबून उरलीसुरली वीज जिरवायची, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, आणि मगच हात आत घालायचा. कार्ड सोडवून त्याचे सोनेरी दात मऊ खोडरबराने पुसून पुन्हा घट्ट बसवायचं, टक् असा आवाज येईपर्यंत. कार्डाला वरून येणारी सहा किंवा आठ पिनांची वायर पुरती बसली आहे का ते पाहायचं. रॅमची एकच पट्टी ठेवून पाहायचं. अनेक नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावं लिहिलेले चार छोटे दिवे असतात. जो लागून राहतो त्या टप्प्यावर बोर्ड अडलेला असतो. आपल्याकडे अजून भरपूर असलेल्या एच61 सारख्या जुन्या बोर्डांना सहसा असे दिवे नसतात. तिथे छोटा बझर लावून कान द्यावा लागतो. बोर्डाची बायोस, म्हणजे यंत्र उठवणारा मूळ प्रोग्राम, एएमआयची असेल तर आठ बीप म्हणजे डिस्प्लेच्या मेमरीची तक्रार, अवॉर्डची असेल तर एक लांब आणि दोन छोटे म्हणजे डिस्प्ले कार्डाची.

सगळ्यात उपयोगी कसोटी तर अगदी सोपी आहे. ग्राफिक्स कार्ड काढून ठेवायचं आणि मॉनिटरची वायर थेट मदरबोर्डच्या सॉकेटला लावायची. पडदा उजळला तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं शाबूत आहे आणि शोध कार्ड व त्याच्या विजेपुरता उरला. पण हे प्रत्येक यंत्रात जमत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे त्यात स्वतःचा डिस्प्ले नसतो; एएमडीच्या रायझन 5 5600 मध्येही नसतो, 5600जी मध्ये असतो. हे ठाऊक नसलेल्या एका कारागिराने काळा पडदा पाहून चांगला बोर्ड बाद ठरवल्याचं मी पाहिलं आहे.

मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर2032, काढून काही मिनिटांनी परत लावणं हा आपल्याकडचा आवडता इलाज. तो कधी कधी लागू पडतो, पण कारण समजून घ्यावं. त्याने मदरबोर्डच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात. रॅम किंवा प्रोसेसरचाही वेग वाढवला असेल तर तो उतरतो. कार्डाची स्वतःची बायोस कार्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असते, सेल काढून तिला काही होत नाही.

त्या चिपचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद केलं आणि जगभर रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचं नेहरू प्लेस या वाटांनी जुना माल आपल्यापर्यंत पोचतो. मायनिंगवाल्यांनी आरएक्स 570 आणि 580 सारख्या अनेक कार्डांची बायोस बदललेली होती, मेमरी जास्त वेगाने चालावी म्हणून. असं कार्ड मुळातच ताणलेलं असतं. त्यावर आपला मुलगा आणखी पट्टी सरकवतो. काही कार्डांवर बायोस बदलायची छोटी खटकी असते, दुसऱ्या बाजूला केली की राखीव बायोसवर कार्ड उठतं. ती खटकी कुठे असते हे माहीत नसल्यामुळे चांगली कार्डं भंगारात गेली आहेत.

आता विजेबद्दल, कारण माझ्या अनुभवात आपल्या जिल्ह्यात दोषाचा मोठा वाटा तिथे आहे. ग्राफिक्स कार्डाला बोर्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात, सहा पिनांच्या वायरीतून आणखी 75, आठ पिनांच्या वायरीतून 150. ही जवळजवळ सगळी वीज एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, 12 व्होल्टच्या लाइनवरून येते. स्वस्त एसएमपीएसवर ठळक अक्षरात 450 वॉट छापलेलं असतं, पण बाजूच्या तक्त्यात 12 व्होल्टसमोरचे अँपिअर पाहिले की खरी ताकद कळते. तिथे 16 अँपिअर असेल तर गुणाकार होतो 192 वॉट. त्यात 170 वॉटचं कार्ड, 65 वॉटचा प्रोसेसर आणि वरून ओव्हरक्लॉक! साध्या वापरात ते कसंबसं निभावतं, वेग वाढवला की एसएमपीएस जीव सोडतो आणि आळ येतो कार्डावर. रात्री शेतातल्या मोटारी चालू झाल्या की गावातलं व्होल्टेज पडतं, लाईट जाऊन आली की झटका बसतो. अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लोक ते नेहमीचं म्हणून सोडून देतात. हे सोडून देऊ नये. अर्थिंग आधी, ओव्हरक्लॉकिंग नंतर. आणि वास आला, वायरीचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं, बोर्डावर काळा डाग दिसला, तर पुन्हा चालू करून पाहायचं नाही. एसएमपीएसचं झाकण तर घरी कधीच उघडायचं नाही; प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर जीवघेणी वीज धरून असतात.

महोदय, एवढा तपशील आपल्याला लिहिण्याचं कारण असं की यातलं काहीही अवघड नाही. दहावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला हे काही दुपारींत शिकवता येतं. लागते ती शिस्त: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय बदललं ते वहीत लिहायचं, आणि जे सिद्ध झालं नाही ते बोलायचं नाही. हीच शिस्त उद्या या जिल्ह्यात फार मोठ्या कामाला लागणार आहे.

औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 6 एप्रिल 2023 रोजी 2600 कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि 11 मे 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीने पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक झाला तरी तो टिपायचा. अशा यंत्रात खरा संकेत कोणता आणि गडबड कोणती हे शोधणं हेच रोजचं काम असतं. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या लायगो वेधशाळेत 2017 साली नोंदींमध्ये कारण न कळणारे धक्के दिसू लागले. तिथल्या लोकांनी आवाजाच्या नोंदी ऐकल्या, तर टोचण्याचे आवाज आले. बाहेर जाऊन पाहिलं तर नायट्रोजनच्या गार पाइपवर साचलेल्या बर्फावर चोचीच्या खुणा होत्या. तहानलेले डोमकावळे तो बर्फ टोचत होते. आरसा बिघडला, लेझर गेला असं घाईने जाहीर न करता एकेक कारण बाद करत कावळ्यापर्यंत पोचलेली ती माणसं आणि ‘व्हीजीए’चा दिवा का लागला ते शोधणारा आपला वसमतचा मुलगा, दोघांची रीत एकच आहे. गुरुत्वीय लहरींच्या नोंदी चाळायला ग्राफिक्स कार्डंही वापरली जातात, हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नाही.

या वेधशाळेत शास्त्रज्ञ देशभरातून येतील, ते योग्यच. पण तंत्रज्ञ, यंत्रांची देखभाल करणारे, संगणकखोली सांभाळणारे हात औंढ्याचे, कळमनुरीचे, हिंगोलीचे असावेत असं वाटत असेल तर तयारी आजपासून करायला हवी. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा अजूनही शिकायला नांदेड-संभाजीनगर गाठतो. निदान हा एक विषय तरी घरी शिकता यावा.

माझं मागणं असं आहे. जिल्ह्यातल्या शासकीय आयटीआयमध्ये आठवड्यातून एक दुपार दुरुस्तीचं टेबल खुलं ठेवावं. प्रवेश सगळ्यांना, नाव नोंदवून. शासकीय कार्यालयांत आणि शाळांत दरवर्षी जुने संगणक निर्लेखित होतात आणि खोल्यांमध्ये धूळ खात पडतात. त्यातले काही भंगारात देण्याआधी या टेबलावर द्यावेत, डिस्कमधली सरकारी माहिती आधी पुसून. नाहीतरी ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्या मालाची रीतसर विल्हेवाट लावावीच लागते. टेबलावर एक खात्रीचा एसएमपीएस, बोर्डाच्या विजेवरच चालणारं एक साधं ग्राफिक्स कार्ड, दोन-तीन जातींच्या रॅम, बझर, मल्टिमीटर आणि विंडोजचा पेनड्राइव्ह, एवढं सामान असलं तरी बहुतेक बिघाडांचा छडा लागतो. खात्रीचा सुटा भाग लावून पाहायला मिळणं हीच खेड्यातल्या मुलाची मोठी अडचण आहे. शहरातल्याला चार मित्रांकडे कार्डं असतात, याच्या अख्ख्या गावात दुसरं नसतं.

मुलींचा विचार करून हे टेबल आयटीआयच्या आवारातच असावं असं मी आवर्जून सांगतो. आमची दुकानं रस्त्यावर, पुरुषांच्या गर्दीत. मुली संगणक भावाच्या हाती पाठवतात. बिघाड काय होता, कसा गेला, हे त्यांना कळतच नाही. आवारात दुपारी त्या स्वतः येतील.

आमच्या दुकानदारांसाठीही आपल्या कार्यालयाने एक आवाहन काढावं. यंत्र घेताना कागदावर तक्रार लिहून द्यावी, ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय फॉरमॅट मारू नये, बदललेला भाग ग्राहकाला परत द्यावा. सक्ती करता येणार नाही हे मला समजतं. पण जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा कागद भिंतीवर लागला की ग्राहक त्याकडे बोट दाखवून विचारू तरी शकेल.

जिल्हा कौशल्य विकास समितीचं अध्यक्षपद आपल्याकडे आहे, जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते, आणि या कामाला लागणारा पैसा फार थोडा आहे. समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि सुरुवात एका आयटीआयपासून करावी, अशी विनंती करतो. शिकवायला मी मानधनाशिवाय येईन. जिल्ह्यातल्या इतर कारागिरांनीही यावं, असं त्यांना या पत्रातूनच आवाहन करतो.

आपला विश्वासू,
एक संगणक दुरुस्ती कारागीर,
हिंगोली